समुद्र न पाहिलेल्यांची द्वारका

पदव्युत्तर वर्गातील लघुप्रबंधांचे विषय निश्चित करण्याचे काम सहसा वादाचे नसते. विषय ठरलेल्या वाटेने येतात: अमुक कादंबरीतील ग्रामजीवन, तमुक कवितेतील स्त्रीप्रतिमा, आपल्या तालुक्यातील लोकगीते. काही वर्षांपूर्वी पालम परिसरातील एका विद्यार्थिनीने मात्र निराळा विषय मांडला. नौकानयनावर जगणारे एक द्वीपराष्ट्र, आणि एके दिवशी त्याला सोडून गेलेले त्याचे देव, अशी एक दीर्घकथा तिने स्वतः लिहिली होती. मराठीत अशी कल्पित राष्ट्रे कोठे आढळतात, हे तिला पाहावयाचे होते. विषय नाकारला गेला. लेखी कारण काही नव्हते. तोंडी एवढेच सांगण्यात आले की, पालमचा आणि समुद्राचा संबंध काय? आपल्या मातीतले काही घ्यावे. तिने जात्यावरच्या ओव्यांचा विषय घेतला. प्रबंध चांगलाच झाला. पण ती कथा तिने पुन्हा कोणाला दाखविली नाही.

त्या बैठकीत प्रस्तुत लेखकही उपस्थित होता आणि गप्प बसला होता. पुढील विवेचन हे त्या मौनाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. त्यात नवे संशोधन मांडल्याचा दावा नाही. अभ्यासकांना परिचित असलेल्या काही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या, तर त्या दिवशी विचारलेला प्रश्न किती चुकीचा होता हे दिसून येते, एवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम, प्रश्न विचारणाऱ्यांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. 'जगलेले लिहावे' हा आग्रह मराठीत सहज आलेला नाही. १९६० नंतरच्या दलित आणि ग्रामीण साहित्याने तो मोठ्या संघर्षाने प्रस्थापित केला. ज्यांनी गावकुसाबाहेरचे जिणे कधी पाहिले नव्हते त्यांनी ते कल्पनेने रंगविले, आणि ते रंगविणे खोटे होते. त्यापूर्वीचा इतिहासही या आग्रहाला पूरकच आहे. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी वाचकांचे भरपूर रंजन केले, पण भोवतालच्या समाजाकडे पाठ फिरविली. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची विभागणी करताना 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' या तीन कृतींची नावे तीन प्रवृत्तींना दिली. तेव्हापासून 'मुक्तामाला प्रवृत्ती' हा शब्दप्रयोग आपल्या वर्गांतून जवळजवळ निंदावाचकच झाला आहे. तेव्हा कल्पित राष्ट्राचे नाव काढताच अध्यापकांच्या मनात संशय यावा, हे समजण्यासारखे आहे.

तथापि, कोणाच्या तरी खोट्या कल्पनेविरुद्ध उभारलेले शस्त्र आज कोणावर चालते आहे, हेही पाहिले पाहिजे. अनुभवाचा आग्रह हा मुळात ज्यांना बोलू दिले नव्हते त्यांना बोलता यावे म्हणून होता. त्याचा अर्थ 'तुम्ही फक्त तुमच्या दुष्काळाविषयीच बोला' असा कोणी केला, तर मोकळे करणारे तत्त्व बांधून टाकणारे ठरते. मुंबई-पुण्याच्या लेखकाने दूरच्या नगरीची कल्पना केली तर ती प्रतिभा, आणि गोदाकाठच्या मुलीने केली तर ती पलायनवृत्ती, असा भेद कोणी उघडपणे करणार नाही. विषयनिश्चितीच्या बैठकीत मात्र तो नकळत होतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समुद्रापासून दूर असलेल्या या भूमीचा आणि समुद्राने वेढलेल्या नगरीचा संबंध काय? पालमपासून पश्चिम किनारा सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. पूर्व किनारा त्याहूनही लांब. पण याच परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातले बोरी हे भास्करभट्ट बोरीकरांचे गाव मानले जाते. तेराव्या शतकाचा अखेर आणि चौदाव्याचा आरंभ हा त्यांचा काळ. महानुभाव पंथाच्या 'साती ग्रंथां'पैकी 'शिशुपाळवध' आणि 'उद्धवगीता' हे दोन त्यांचे. या दोन्ही ग्रंथांमागे उभी असलेली नगरी एकच, ती म्हणजे द्वारका.

द्वारकेला आपण तीर्थक्षेत्र म्हणून ओळखतो. त्यामुळे ती वाङ्मयात रचलेली नगरीही आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. आजच्या द्वारकेच्या आणि बेट द्वारकेच्या किनाऱ्यालगत १९८० च्या दशकापासून डॉ. एस. आर. राव आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सहकाऱ्यांनी पाण्याखाली शोध घेतला. तेथे दगडी नांगर आणि बांधकामाचे अवशेष मिळाले. त्यांच्या कालनिर्णयाविषयी मतभेद आहेत. हा प्रश्न पुरातत्त्वज्ञांचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला महत्त्वाचे हे की, अवशेष मिळोत वा न मिळोत, महाभारत, हरिवंश आणि भागवत यांनी मिळून एक सागरवेष्टित राष्ट्र तपशीलवार उभे केले आहे.

त्याचा उगमच पाहा. जरासंधाच्या वारंवारच्या स्वाऱ्यांनी आणि कालयवनाच्या चालून येण्याने मथुरा असुरक्षित झाली, तेव्हा यादवांनी स्थलांतर केले. समुद्राकडून बारा योजने भूमी मागून घेण्यात आली आणि विश्वकर्म्याने तीवर नगरी रचली. म्हणजे हे निर्वासितांचे राष्ट्र आहे आणि त्याची जमीन उसनवारीची आहे. वनपर्वात शाल्वाच्या वेढ्याचे वर्णन येते. त्या वेळी पूल तोडण्यात आले, नौकांना मज्जाव करण्यात आला, मद्यपानावर बंदीची दवंडी पिटविली गेली आणि मुद्रेवाचून, म्हणजे परवान्यावाचून, कोणालाही नगरीत येऊ वा बाहेर जाऊ दिले जात नव्हते. हरिवंशात पिंडारक तीर्थाची समुद्रक्रीडा आहे. तेथे यादवांच्या नौका पशुपक्ष्यांच्या आकारांच्या आहेत. एखाद्या कवीने सहज रंगविलेले हे रम्य चित्र नव्हे. प्रवेशाचे नियम, युद्धकाळातील शासन, उत्सव, बांधणीचे शिल्प, असे सर्व अंगांनी विचारलेले ते एक जग आहे.

आणि या जगाचा शेवट देवांच्या जाण्याने होतो. मौसलपर्वात पुन्हा एकदा मद्य गाळण्यावर बंदीची घोषणा होते. पण या वेळी ती निष्फळ ठरते आणि प्रभासक्षेत्री मद्याच्या धुंदीतच यादव परस्परांचा नाश करतात. त्यापूर्वीच लक्षणे दिसू लागलेली असतात. कृष्णाचे चक्र सर्वांदेखत आकाशात निघून जाते. रथाचे घोडे सारथ्याच्या डोळ्यांसमोर समुद्राच्या पाण्यावरून धावत नाहीसे होतात. ध्वज अप्सरा घेऊन जातात. देव अजून देहाने तेथे आहे, पण त्याची चिन्हे आधीच निघून गेली आहेत. पुढे जरा नावाच्या व्याधाचा बाण लागून कृष्ण देह ठेवतो, अर्जुन उरलेल्यांना घेऊन निघतो आणि त्यांच्यामागे समुद्र नगरी गिळत येतो. उसनी घेतलेली जमीन समुद्राने परत घेतली. भागवत येथे एक तपशील अधिक देते. समुद्राने सारी द्वारका बुडविली, ती केवळ भगवंताचे मंदिर वगळून. चारी बाजूंनी पाणी, आणि मध्ये ज्याचा धनी निघून गेला आहे असे एक घर. अनुपस्थित देवाची याहून बोलकी प्रतिमा आजच्या कोणत्याही भाषेतील अद्भुतकथेत शोधूनही सापडणे कठीण.

हे सारे बोरीच्या कवीपर्यंत आले होते. संस्कृतात माघाने 'शिशुपालवधा'च्या तिसऱ्या सर्गात द्वारकेचे आणि समुद्राचे विस्ताराने वर्णन केले आहे. तो माघही परंपरेने राजस्थानातील भीनमाळचा, म्हणजे समुद्रापासून दूरचाच. रामदेवराव यादवाच्या काळातील नरेंद्राने १२९२ मध्ये 'रुक्मिणीस्वयंवर' रचले, त्याची नायिका वर्धेकाठच्या कौंडिण्यपूरची. नदीकाठची विदर्भकन्या समुद्रातल्या नगरीकडे निरोप पाठविते, ही कथाच मुळी भूमीने समुद्राची केलेली कल्पना आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये प्रवरेकाठी नेवाशाला सांगितलेल्या गीताटीकेत समुद्राचे दृष्टांत किती विपुल आहेत, हे वर्गात शिकविणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. ज्याने पाहिला त्यानेच समुद्र लिहिला, असे आपल्या साहित्याचा इतिहास म्हणत नाही.

परंतु बोरीकरांचे वेगळेपण द्वारकेच्या वर्णनापुरते नाही. त्यांच्या दोन ग्रंथांमधील अंतरात ते आहे. 'शिशुपाळवधा'त कृष्ण-रुक्मिणीचा शृंगार प्रभावी आहे. पंथाची परंपरा सांगते की, ग्रंथ ऐकून एका जाणत्या सहाध्यायाने त्याच्या काव्यगुणांची प्रशंसा केली, पण निवृत्तिमार्गीयांच्या उपयोगाचा तो नाही असा अभिप्राय दिला. त्यानंतर भास्करभट्टांनी भागवताच्या एकादश स्कंधावर 'उद्धवगीता' रचली. एकादश स्कंध म्हणजे जाण्यापूर्वी कृष्णाने उद्धवाला केलेला उपदेश. पहिल्या ग्रंथात देव नगरीत नांदतो आहे, दुसऱ्यात तो निघण्याच्या तयारीत आहे. एकाच कवीने एकाच नगरीचे देव असतानाचे आणि देव जाऊ लागल्याचे असे दोन काळ लिहिले. या क्रमाकडे केवळ 'शृंगाराकडून वैराग्याकडे' अशा ठरीव सूत्राने पाहिले जाते. ते सूत्र चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कारण महानुभावांच्या दृष्टीने देवाचे जाणे ही जुन्या पुराणातील घटना नव्हती, ती त्यांच्या डोळ्यांदेखत घडलेली होती.

श्रीचक्रधर उत्तरापंथे निघून गेले आणि मागे राहिलेल्यांपुढे प्रश्न उभा राहिला की, देवावाचून कसे राहावयाचे? या स्थितीला पंथाने नाव दिले, 'असन्निधान'. देव समोर असताना ते सन्निधान. तो नसताना असन्निधान. दुसरी स्थिती ही पहिलीचा केवळ अभाव नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तिला स्वतःचा आचार आहे. देव जेथे बसला, निजला, जेवला ती स्थाने नमस्कारावयाची. त्याच्या स्पर्शाचा प्रसाद जपावयाचा. भिक्षुक आणि वासनिक यांच्या संगतीत राहावयाचे. आणि नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण करावयाचे. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' हे मराठी गद्याचे आद्य लेणे याच स्थितीतून निर्माण झाले. ज्यांनी ज्यांनी देव पाहिला होता त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी एकेक आठवण विचारली. ग्रंथाच्या परंपरेत आठवणींचे पाठभेदही जपले गेले. देव समोर असता तर हा ग्रंथ लिहिण्याची गरजच पडली नसती.

आणखी एक गोष्ट. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र पदार्थ मानले आहेत. देवता पुष्कळ आहेत. त्या फळ देतात, पण मोक्ष देऊ शकत नाहीत. तो केवळ परमेश्वर देऊ शकतो, आणि तो तर असन्निधानी. म्हणजे देवतांनी भरलेल्या जगात देव मात्र नाही. त्या विद्यार्थिनीच्या कथेतील द्वीपवासी आपल्या गेलेल्या देवांची आसने रोज झाडून ठेवतात, असा एक प्रसंग होता. बैठकीत कोणीतरी हसले. पंचकृष्णांपैकी द्वारावतीकार श्रीचक्रपाणी हातात सूप आणि खराटा घेऊन द्वारकेचे रस्ते झाडीत असत, ही पंथातील प्रसिद्ध आठवण त्या वेळी आमच्यापैकी कोणालाही झाली नाही. तिनेही ती वाचलेली नसावी. वाचलेली नसताना ती तेथवर पोहोचली, हेच विचार करण्याजोगे आहे.

येथे कोणी म्हणेल की, हा एका पंथाचा विचार झाला. मराठी मनाचा मुख्य प्रवाह वारकरी, आणि त्याचा देव तर विटेवर उभा आहे. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पालमच्या शेजारीच आहे. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. तिचा देव तिच्यासोबत दळतो, वेचतो, झाडतो. तो घरातच आहे. पण हा देव आला कोठून? रुसून दिंडीरवनात आलेल्या रुक्मिणीच्या शोधात तो द्वारका सोडून निघाला, असे वारकरी परंपराही सांगते. म्हणजे पंढरपुरातील देवाचे असणे हे द्वारकेतील त्याच्या नसण्याची दुसरी बाजू आहे. पुढे पैठणच्या एकनाथांनी १५७३ मध्ये काशीला पूर्ण केलेली टीका त्याच एकादश स्कंधावर आहे. त्याच्या एकतिसाव्या अध्यायात द्वारका बुडते, आणि तो अध्याय आजही वारकरी पारायणात वाचला जातो. एकाच जिल्ह्यातील दोन गावांतून अनुपस्थितीला दोन उत्तरे दिली गेली. गंगाखेडने देवाला जात्यापाशी आणले. बोरीने त्याच्या रिकाम्या होत जाणाऱ्या नगरीचे स्मरण जपले. एकाला 'आपली माती' म्हणावयाचे आणि दुसऱ्याला परके, हे कोणत्या न्यायाने?

आधुनिक काळातही या वृत्तीची साक्ष आहे. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांनी 'रमलखुणा' (१९७५) या संग्रहातील 'इस्किलार' या दीर्घकथेत कोणत्याही नकाशात नसलेला प्रदेश उभा केला. मराठी समीक्षेने तिचा गौरव केला. पण तो बहुधा 'रूपककथा' हे नाव देऊन. म्हणजे कल्पित जग आम्ही स्वीकारू, परंतु ते दुसऱ्या कशाचे तरी चिन्ह आहे असे ठरल्यावरच. द्वारकेच्या परवान्याचा किंवा तोडलेल्या पुलांचा अर्थ काय, असे विचारता येत नाही. ते त्या नगरीचे नियम आहेत आणि नगरी उभी राहावी म्हणून ते आहेत. कल्पित जगाचा जग म्हणून विचार करण्याची परिभाषा आपण अजून पुरेशी घडविलेली नाही. ती घडविण्याची सामग्री मात्र साती ग्रंथांत, लीळाचरित्रात आणि स्थानपोथीत पडून आहे.

याचा अर्थ प्रत्येक कल्पित द्वीपराष्ट्र चांगलेच असते असा नाही. अलीकडे विद्यार्थ्यांच्या वहीत अशा कथा वाढत आहेत, आणि त्यांतील पुष्कळ पाश्चात्त्य चित्रपटांच्या व भाषांतरित अद्भुतकथांच्या छाया असतात. नावे उसनी, नकाशे उसने, देवही उसने. त्यांना नकार देण्याचा अधिकार परीक्षकाला आहेच. पण नकाराची कसोटी 'तू समुद्र पाहिलास का?' ही असू नये. ती कथेच्या आत शोधली पाहिजे. या राष्ट्राची जमीन कोणाकडून घेतलेली आहे? संकटात त्याचे नियम कसे बदलतात? त्याचे देव का गेले, आणि जाताना त्यांनी काय मागे ठेवले? मागे राहिलेली माणसे त्या रिकाम्या जागेचे काय करतात? द्वारका या चारही प्रश्नांना उत्तर देते. जी कथा देत नाही ती अशक्त आहे, मग तिची घटना समुद्रात घडो वा पालमच्या आठवडी बाजारात.

व्यवहाराच्या दृष्टीने सूचना साधीच आहे. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. श्रीगोविंदप्रभूंच्या रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. अशा वेळी महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास केवळ भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठी होऊ नये. पदव्युत्तर वर्गात 'मराठीतील कल्पित नगरी' हा विषय लघुप्रबंधासाठी खुला ठेवावा. 'शिशुपाळवध' आणि 'उद्धवगीता' हे ग्रंथ एकामागोमाग वाचले जावेत. आणि सर्जनशील लेखन करणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या परंपरेतील या वाटा दाखविण्याची जबाबदारी अध्यापकाने घ्यावी. त्या दिवशी आम्ही त्या मुलीला 'समुद्राचा संबंध काय' असे विचारण्याऐवजी 'बोरीकर वाचले आहेत का' असे विचारले असते, तर तिचा प्रबंध कदाचित झाला असता, आणि कथाही वाढली असती.

पालम तालुक्यातून गोदावरी वाहते. उन्हाळ्यात तिचे पात्र बहुधा कोरडे असते आणि वाळू दिसते, त्यामुळे ती समुद्राला जाते हे आपण विसरतो. आपल्याकडे ओळख करून देताना माणसाला गाव विचारतात. बोरीच्या कवीने त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या नावातच दिले होते, आणि तरी त्याची लेखणी द्वारकेत वावरत होती. त्याच्या काळी त्याला कोणी विषय बदलून घेण्यास सांगितले नाही. ग्रंथ पुरा झाल्यावर जो अभिप्राय मिळाला, तो ऐकून त्याने दुसरा ग्रंथ लिहिला. निदान तेवढी संधी आपल्या विद्यार्थ्यांना असावी.